पोळ्या चोरल्याचा पुरावा: माझं वजन

"चढ काट्यावर," मालकीणबाई म्हणाल्या.

कांदे-पीठ तोलायचा काटा तो. लातुरात त्यांच्या मेसमध्ये मी पोळ्या लाटायची. दर सोमवारी नाश्त्याच्या वेळी, मेसला येणाऱ्या साऱ्या पोरींसमोर मला त्यावर उभं करायच्या. वजन वाढलं म्हणजे मी चोरून खाल्लं. झाला न्याय! पोरी तोंड दाबून हसायच्या. क्लास लावून डॉक्टर व्हायला आलेल्या सगळ्या.

खात होते मी. खोटं कशाला बोलू? ताटातलं उरलेलं, शिळंपाकं खात होते. भूकंपात किल्लारीचं आमचं घर बसलं तेव्हा मी सहा वर्षांची. पत्र्याच्या शेडात अर्धपोटी वाढले. तुकडा उकिरड्यावर टाकायला माझा हातच उठत न्हाई. ह्याला चोरी म्हणायची का?

मग जिना चढताना छाती आवळायला लागली. माझ्या थोरल्या बहिणीनं अशीच छाती धरून चुलीपाशी जीव सोडला. लई घाबरले. सरकारी दवाखाना गाठला. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, बीपी आहे, शुगर आहे, हृदयावर ताण आलाय. जठर लहान करायचं ऑपरेशन केलं तर वजन उतरेल, अटॅकचा धोका कमी होईल. पार जाणार नाही, कमी होईल. गोळ्या आणि चालणं चालूच ठेवायचं."

एकदाही मला खादाड म्हणाल्या न्हाईत. तिथंच रडू फुटलं मला. मला जगायचं होतं.

सोमवारी महिन्याची रजा मागितली. मालकीणबाई हसल्या. "आधी चोरून खायचं, मग पोट कापायला रजा! तोंड शिवून घे की. चढ आधी."

पाय उचलला मी. सांगायला लाज वाटते, पण सवयीनं उचलला. मग खाली ठेवला.

"न्हाई चढणार."

"मग उद्यापासून येऊ नको."

पदराला हात पुसून निघाले. रस्त्यावर भिंत धरून उभी राहिले. कुणाला हाक मारावी, सुचेना.

परवा ऑपरेशन हाय. कामाचा पत्ता न्हाई. भीती वाटते, अगं माय, लई वाटते. हे हृदय किती साथ देईल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. पण एक पक्कं. मी बारीक झाले की लोक म्हणतील, बघा, चोरी सुटली तशी उतरली. म्हणेल त्याला तोंडावर सांगणार. आजार होता, इलाज केला. जाड होते तेव्हाही मी चोर नव्हते.