सहा व्होल्टची मोटार आणि खुडूक कोंबडी

ये गं बाय, अशी जवळ बस. इतक्या महिन्यांनी आलीस आणि आल्या आल्या घड्याळ काय बघतेस? आज बिजागरीत तेल सोडलं आणि त्या वासानं सासऱ्यांची मोटार आठवली. नव्वद सालानंतरची गोष्ट. सासूबाईंना लग्न करून जिच्यातून घरी आणलं, ती मोटार वर्षानुवर्षं केळीच्या वाडीतल्या शेडमध्ये बंद उभी होती. सातिवलीचा मेकॅनिक म्हणाला, "जुनी सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची करून देतो, पण आधी इंजिन फिरायला हवं. जाम असेल तर भंगारात द्या." सासरे नुसते बॉनेटवर हात ठेवून उभे. मेकॅनिकनं प्लग काढून, जाम सुटावा म्हणून आत तेल सोडलं. आमचे हे उतावळे, "उद्या टेम्पोला बांधून ओढू!" तशा सासूबाई कडाडल्या, "मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलीय. पिल्लं निघेस्तवर गाडीला हात लावायचा नाय!" खुडूक कोंबडी उठवायची नाही, हा आमच्या घरचा कायदाच. सगळे थांबले, आणि तेल आत मुरत राहिलं. पिल्लं अंगणात उतरली, तेव्हा मेकॅनिकनं सहा व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि सासऱ्यांनी स्वतः हँडल मारलं. इंजिन कुरकुरलं, खोकलं आणि जुन्याच सहा व्होल्टवर धडधडू लागलं. मेकॅनिक म्हणाला, "तेल मुरायच्या आधी ओढली असती तर आतलं मोडलंच असतं." सासरे सासूबाईंना म्हणाले, "चल गो, फिरवून आणतो." त्या म्हणाल्या, "आधी सीट धुवा." हल्ली मी कशाचीच घाई करत नाही बाय, फक्त तुझी करते, लवकर परत ये, आणि राहायच्या तयारीनं ये.