शाळेत मावशी म्हणायचं

मी दुसरीत होते. मधल्या सुट्टीत पडले, गुडघा फुटला आणि जोरात ओरडले, "माय!"

माझी माय त्या शाळेत आया होती. व्हरांडा पुसत होती, फडकं टाकून धावली. तिच्याआधी मोठ्या बाई पोहोचल्या.

"शाळेत आई-बिई नाही. सगळी मुलं हिला मावशी म्हणतात, तूही मावशीच म्हणायचं. फुकटात शिकतेस, एवढं तरी पाळ."

रक्त मोज्यात उतरत होतं. मायनं मान खाली घातली. "म्हण वं. मावशी म्हण."

म्हणाले. दहावीपर्यंत म्हणत राहिले. खोटं कशाला सांगू, पुढे पुढे ते सोयीचंही वाटायला लागलं. ही माझी कोण, हे मैत्रिणींना कळत नव्हतं ना. त्याची शरम आजही जात नाही.

आता मी त्याच शाळेत मराठी शिकवते. यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. जुने फोटो, हजेरीपट काढून बसले. पहिल्या वर्षी धंतोलीत भाड्याच्या दोन खोल्या आणि नऊ पोरं. त्यांना घरोघरी जाऊन बोटाला धरून आणणारी, शिक्षिका आली नाही की वर्ग सांभाळणारी बाई एकच, माझी माय. मी तिचं नाव लिहिलं. कौसल्या.

संस्थेच्या सचिवांनी ते लाल पेनानं खोडलं. वर लिहिलं, 'मावशी'.

"अहो मॅडम, मावशीला नावानं कोण ओळखतं? घरच्यासारखीच होती ती."

"घरच्या माणसाचं नाव तुमच्या घरी कुणालाच ठाऊक नसतं का, सर?"

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

हो, घेते. वर्गाला पंखा देणाऱ्याचं नाव आडनावासकट छापता, तेव्हा कुणी उगाच म्हणत नाही.

घरी मायला सांगितलं. ती घाबरलीच. "जाऊ दे वं. काहून भांडून राहिली? नोकरी जाईन तुई."

मी दुसऱ्या दिवशी कागद परत नेले. सचिवांना म्हणाले, "नाव राहील, नाहीतर इतिहास तुम्ही लिहा."

त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकले. नोटिशीची भाषा केली.

मी तडक आठवीच्या वर्गात गेले आणि फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला: 'आपल्या शाळेतल्या मावशी'. अट एकच. प्रत्येकीला तिचं पूर्ण नाव विचारून यायचं.

नोटीस खुशाल काढा. सगळ्या वह्या तपासल्याशिवाय मी या शाळेतून हलणार नाही.