सशानं उघडलेलं दार

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा सांगायला जाणारा माणूस. चेटकिणीची घरं मीच बनवतो ना! कोल्हापुरात बालनाट्यांचं नेपथ्य करण्यात अर्धं आयुष्य गेलं. गोणपाट, थर्माकोल आणि खळ... त्यापलीकडं काही नसतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

गेल्या हिवाळ्यात स्पर्धेचा दुपारचा प्रयोग होता. वाघाच्या घराचा सेट मंगळवार पेठेतून टेम्पोनं आणला. घराला दोन दारं — उजवीकडचं खरं, उघडणारं. डावीकडचं कापडावर नुसतं रंगवलेलं. वाटेत खरं दार आपटू नये म्हणून मागून लाकडी पट्टी ठोकली होती. ती काढायची मी साफ विसरलो.

सशाचं काम शिफाकडं होतं, चौथीतली पोरगी. वाघ मागं लागला, तिनं खरं दार ढकललं... हलेना. विंगेत मला एकदम पट्टी आठवली. शिफा वळली, रंगवलेलं दार ढकललं — आणि आत गेली!

टाळ्यांचा कडकडाट. मी सेटच्या मागं धावलो. शिफा तिथं उभी. पांढरे मोजे घोट्यापर्यंत ओले, वर शेवाळ. मी कापड चाचपलं. कोरडं, ताणलेलं, टाचणीचं भोकसुद्धा नाही.

"काका, पलीकडं पाणी हाय की! तितं पायरी का न्हाय केली?"

नेपथ्याचं पहिलं बक्षीस मला मिळालं. परीक्षकांनी विचारलं, दार कसं केलंत? खरं सांगावं तर पट्टीचंही निघालं असतं. मी म्हणालो, "कापडाला चीर ठेवली होती, साधी ट्रिक आहे."

"न्हाय वो, चीर न्हवती! आत पाणी हुतं," शिफा सगळ्यांसमोर म्हणाली.

"लहान हाय, कायबी बोलतीया," मी हसलो. सगळेच हसले. नाटक बसवणाऱ्या बाई तिच्यावर खेकसल्या, "खोटं बोलायचं न्हाय, सांगून ठेवते!" चोर सोडून संन्याशाला फाशी. पोरगी माझ्याकडं बघत राहिली, मी ट्रॉफीकडं.

त्यानंतर ती तालमीला आलीच नाही. परवा तिच्या घरी गेलो. "तुझंच खरं हाय गं, माझं चुकलं."

"मला म्हाईत हाय की. मला काय सांगताय काका? बाईंना सांगा."

ते कापड अजून माझ्याकडं आहे. कितीदा उलटंपालटं करून पाहिलं, काही उलगडा होत नाही. बाईंच्या दारापर्यंत दोनदा जाऊन लाजेनं परत फिरलो. पण त्या पेपरातलं माझं हे सदर न चुकता वाचतात.

बाई, पोरगी खोटं बोलत नव्हती.