दारूच्या दुकानापुढचा हॉर्न

आम्हा कामगारांना जालना एमआयडीसीत नेणाऱ्या टेम्पोवाल्याचं नाव मला ठाऊक नाही. त्याचा हॉर्न मात्र असा, की पार मंठ्यातल्या म्हशी दूध चोरतात. दारूचं दुकान आलं, की रस्ता मोकळा असला तरी तो हॉर्न दाबतो आणि दुकान मागं पडेपर्यंत सोडत नाही. नजर बिलकुल समोर.

एकदा मी म्हणालो, "मामा, रस्त्यात कुत्रंबी न्हाई. कुणाला वाजवून राह्यले?"

"मलाच. दारू सोडली, पण जुना मी रोज हितं हात दाखवून उभा ऱ्हातो. थांबलो तर तो चढंल. मागं त्यानंच गाडी नाल्यात घातल्ती. अन् आता मागं तुम्ही बसलेले."

तेव्हापासून दुकान आलं, की आम्हीही जेवणाच्या डब्यांनी टेम्पोचा पत्रा बडवतो. म्हशींनी आपलं बघावं.