शेजाऱ्याचा खाडा

आमच्या कोपरीच्या चाळीवर परवा एका गृहस्थांनी भाषण केले. ठाण्यात कारखाने आले आणि पन्नासच्या दशकात सगळी चाळ वर आली, असे त्यांचे म्हणणे. शेजारी आजारातून उठल्यावर मी मोठ्या मनाने त्याची जागा सोडली, असेही ते माझ्याबद्दल म्हणाले, टाळ्या पडल्या. दोन्ही गोष्टी साफ चूक आहेत.

चाळ वर आली नाही, चाळीतल्या काही खोल्या वर आल्या. भिंतीपलीकडचा शेजारी गिरणीत कायम होता, मी बदली. माग तेच, काम तेच. त्याच्याकडे सायकल आली, मग रेडिओ. माझ्याकडे बदलीचे कार्ड होते. ते घेऊन रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे. कोणाचा खाडा पडला, म्हणजे कोणी कामावर आला नाही, तरच आत जायचे. एक दिवस उभा राहिलो नाही तर नंबर मागे जाई. त्यामुळे दुसरे काम धरता येत नव्हते आणि हे सुटत नव्हते.

जाताना शेजाऱ्याच्या दाराशी मी विचारी, "काय, बरं आहे ना?" सगळेच विचारतात. एकदा सदरा चढवता चढवता तो म्हणाला, "बरा आहे रे मी. तू आज दुसरं दार बघ." त्याची बायको हसली. मीही हसलो. पुन्हा कधी विचारले नाही.

पुढे त्याला विषमज्वर झाला. त्याच्या मागांवर मी सलग उभा राहिलो. हजेरी अशीच पुरी झाली की कायम करतो, असा मागांवर माणसे लावणाऱ्या जॉबरने शब्द दिला होता. दोन दिवस उरले असताना शेजारी भिंत धरत मागापाशी आला.

"आज आलो नसतो तर नाव कापलं असतं माझं," तो म्हणाला. मी बाजूला झालो.

याला मोठे मन म्हणणाऱ्यांनी सांगावे, मी सोडले ते काय? माग त्याच्या नावावर होते. उलट त्याच्या कपाळावरचा घाम पाहून, हा दुपारपर्यंत टिकत नाही, असे मी मनाशी धरले आणि पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत फाटकाबाहेर थांबलो. तो टिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड घेऊन मी त्याच्या दारावरून निघालो. आतून तो म्हणाला, "बरा आहे रे मी."

मी विचारले नव्हते.