माघातले रिकामे रविवार

देवावर रुसायची मला जुनी खोड आहे. अंबाबाईसमोर उभी राहिले की हात जोडायच्या आधी मी तक्रार सांगते, आणि ती कशी निस्तरायची हेही वर तिलाच समजावते. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्याचा हा परिणाम असावा. उत्तर चुकलं की लाल रेघ मारायची, मग समोर विद्यार्थी असो की साक्षात जगदंबा! यंदाच्या माघात मात्र ती रेघ मला माझ्याच वहीवर मारावी लागली. जे घडलं ते घडलं तसं लिहिते. त्याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

निवृत्त झाल्यापासून मी कोल्हापुरातल्या एका निरीक्षणगृहात शिकवायला जाते. गुन्ह्यात सापडलेली, अठरा वर्षांच्या आतली मुलं तिथं ठेवलेली असतात. त्यांच्यातल्या एकाबद्दल हे लिहिते आहे. त्याचं खरं नाव सांगणं बरं नव्हे, आपण त्याला दीपक म्हणू. शिरोळकडचा, सोळा वर्षांचा. मित्रांच्या नादी लागून मोटारसायकल चोरीत अडकला. आई लहानपणीच गेलेली, घरात बाप एकटा. जामीन मंजूर होऊन चार महिने झाले होते, पण बापानं येऊन हमीपत्रावर सही केल्याशिवाय त्याला घरी सोडता येत नव्हतं, आणि बाप काही फिरकत नव्हता. मी एकदा फोन लावला, तर "मला पोरगा न्हाय" एवढं बोलून त्यानं तो ठेवून दिला. दीपकचा बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म मी भरून घेतला होता. पोराचं डोकं चांगलं होतं. पण जानेवारीत एक दिवस त्यानं भूमितीची वही मिटली आणि मला म्हणाला, "पास हून जाऊ कुठं, बाई?" मी आयुष्यभर मुलांना उत्तरं दिली, पण त्या दिवशी मी भूमिती तिथंच थांबवली.

घरचं माणूस शेजारी बसलं तर ही मुलं शिकतील, असं माझ्या मनानं घेतलं. अधीक्षकांच्या मागं लागून मी पालकांचा वर्ग ठरवला. दर रविवारी अकरा वाजता घरच्यांनी यायचं, मुलाची वही बघायची, त्याच्याजवळ बसून तासभर त्याचा अभ्यास समजून घ्यायचा. सुट्टीचा दिवस म्हणून रविवार मीच निवडला. पत्रं धाडली, फोन केले. पहिल्या रविवारी बारा मुलं केस ओले करून, भांग पाडून बसली होती. बारा वाजले, साडेबारा झाले, एकही माणूस आलं नाही. दुसऱ्या रविवारी एकाची आत्या तेवढी आली. त्या दिवशी दीपकनं केसही विंचरले नव्हते.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! माघातल्या रविवारी जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चालत जायचं, पाच रविवारी पाच खेटे घालायचे, ही आमच्याकडची रीत. मला पाचही जमत नाहीत, पण सुरुवातीचे दोन मी कधी चुकवत नाही. ते ह्या पोरांपायी सोडले, आणि ह्यांच्या आईबापांना तासभर सवड होऊ नये? जन्म दिला की संपलं का सगळं? असं मी अधीक्षकांना, घरी आमच्या ह्यांना आणि मनातल्या मनात देवालाही सुनावलं. तिसऱ्या रविवारी वर्ग बंद ठेवला आणि खेट्याला निघाले. हे म्हणाले, "दर्शनाला चाललीस का भांडायला?" मी म्हटलं, "आधी भांडण, मग दर्शन."

वडणगे, निगवे, कुशिरे करत माणसांचा लोंढा चालला होता. चांगभलंचा गजर चालू होता, पण माझ्या तोंडून काही तो निघेना. पायथ्याचं गायमुख मागं टाकून चढाला लागले आणि एका हलत्या दगडावरून पाय घसरला. घोटा मुरगळला. डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी तिथंच मटकन खाली बसले.

"बाई, हालू नगासा. पाय सरळ ठेवा." माझ्याच मागून येणारा पन्नाशीचा एक माणूस खाली बसला होता. हाताला सिमेंटनं पडलेल्या भेगा, खांद्यावर टॉवेल. त्यानं टॉवेल भिजवून माझा घोटा आवळून बांधला, पाणी पाजलं, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी येईन हळूहळू." तर म्हणाला, "देव कुठं पळून चाललाय व्हय? चला की सावकाश." कधी त्याच्या हाताचा, कधी कठड्याचा आधार घेत मी चढले. गवंडीकाम करतो म्हणाला. पाच खेटे बोललोय, हा तिसरा. कुणासाठी म्हणून विचारलं, तर माझी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "पोरासाठी. पुण्याला असतोय."

दर्शन झालं. काय भांडायचं ठरवून आले होते ते देवापुढं आठवलंच नाही. गुलालानं लाल झालेल्या पायरीवर टेकलो, तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, तुमी शाळंत हुता काय? बोलण्यावरनं वाटतंय." मी म्हटलं, "होते. आता निरीक्षणगृहात शिकवते, कोल्हापुरात." त्याच्या हातातला प्रसादाचा नारळ तसाच राहिला. मग एकदम हळू आवाजात त्यानं दीपकचं खरं नाव घेतलं आणि विचारलं, "जेवतंय का बरं?"

मला रडू कोसळलं. पायरीवर, चारचौघांत, साठी उलटलेली बाई मी, हुंदके देऊन रडले. "मला पोरगा न्हाय" म्हणणारा माणूस त्याच पोरासाठी अनवाणी डोंगर चढत होता, आणि मी ह्या बापाला दगडाच्या काळजाचा ठरवून मोकळी झाले होते! मी कळवळून विचारलं, "अहो, मग आला का नाहीत? मी बोलावलं होतं ना?"

"काय तोंड घिऊन येऊ, बाई? गावात सांगितलंय पुण्याला गेलाय म्हणून. मनाचा हिय्या करून येणारबी हुतो. पण तुमी रविवारी बोलवलासा. माघातल्या रविवारी घरात कोण गावंल तुमास्नी?"

खेटा सोडण्याचा मोठेपणा मी मिरवत होते, पण तोच खेटा ह्या लोकांनाही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देव काय मला एकटीला वाटून दिला होता? नंतर फोन करून विचारलं, तर बारापैकी सात घरची माणसं त्या दोन्ही रविवारी डोंगराच्या वाटेवर होती, आपापल्या पोराचं नाव घेत. पाय सुजून टम्म झाला होता, तरी त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. त्यांचं त्यांनाच विचारून वर्ग सोमवारी ठेवला.

दीपकचे वडील पहिल्याच सोमवारी आले. बापलेक शेजारी बसले, पण एकमेकांकडं बघेनात. मी बोलायला तोंड उघडलं आणि कधी नव्हे ते मिटलं. शेवटी वडिलांनी उगाच काहीतरी करायचं म्हणून वही ओढली. उघडलेल्या पानावर काटकोन त्रिकोण होता. "ह्यो तर आमचा कोपरा तपासायचा गुण्या हाय की!" म्हणाले. खिशातून फुटाफुटावर गाठी मारलेली सुतळी काढली आणि फरशीवर खडूनं एका बाजूला तीन फूट मापलं, दुसऱ्या बाजूला चार. "आता तिरकं पाच भरलं की कोपरा गुण्यात आला समज. भिंत वाकडी जात न्हाय. पर पाचच का, ते आजवर कुणी सांगितलं न्हाय बघ." दीपकनं खडू घेतला. मान खालीच होती. "तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस. पंचवीस म्हंजे पाचाचा वर्ग, पप्पा." वडिलांनी सुतळी तिरकी लावून बघितली. "आयला! तीस वर्षं करतोय मी हे," ते म्हणाले, आणि दीपक हसला. त्या इमारतीत आल्यापासून त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

उरलेले दोन खेटेही वडिलांनी घातले आणि सोमवारी वर्गालाही आले. आता वही दीपकच उघडून ठेवायचा. भूमितीच्या पेपरला ते परीक्षा केंद्राबाहेर दोन तास उभे होते, अंगावर कामाचेच कपडे. दीपक शिपायाबरोबर बाहेर आला, तेव्हा वडिलांनी आधी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. मग वडील माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, ती सही ऱ्हायलीय न्हवं माझी? कुठं करायची ते सांगा."

शेवटचा पेपर झाल्यावर सही झाली. दीपकनं पिशवी भरली, पुस्तकं बांधली, आणि दारात येऊन सवयीनं मला विचारलं, "बाई, जाऊ?" मी माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "माझ्याकडं काय बघतोस? बापाला विचार!" तो वळला. वडिलांनी त्याच्या हातातलं पुस्तकांचं ओझं घेतलं आणि दोघं फाटकाबाहेर गेले.

निकाल अजून लागायचा आहे. मार्क किती पडतील ह्याचा हिशेब मी मांडलेला नाही, आणि मला ओळखणारी माणसं ह्यालाच खरा चमत्कार म्हणतील. जोतिबाचे उपकार मी कोणत्या तोंडानं मानू? ज्यांना मी खुर्च्या मांडून बोलावत होते, त्यांना त्यानं आधीच आपल्या वाटेवर घेतलं होतं, आणि माझा पाय मोडायच्या बेतानं का होईना, मलाही त्यांच्यात नेऊन बसवलं. आता अंबाबाईपुढं उभी राहिले की जिभेवर सूचना येतात, नाही असं नाही. पण मी त्या गिळते आणि म्हणते, "आई, मला ह्यातलं सगळं कळत नाही."