सहदेव मेस्त्रीची जोडाची तुळई

सहदेव मेस्त्री म्हणजे ठाकुर्लीतला एक नंबरचा हट्टी सुतार. महायुद्धानंतर लांब सागवान मिळेना, मिळालं तर परवडेना. तेव्हा या पठ्ठ्याने तीन आखूड तुकडे तिरके कापून सरसाने चिकटवले आणि ती तुळई थेट स्वतःच्याच घरात बसवली, माळ्याखाली, दाराच्या डोक्यावर! "मोडून दाखवा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. कोणी विचारलेलं नसलं तरी सांगायचा. बायको रंगूबाई कपाळाला हात लावायची.

आणि नेमका लेक शेवंतीला सून म्हणून बघायला आला कोण, तर कल्याणचा धोंडीबा मेस्त्री! चिकटवलेलं लाकूड म्हणजे याच्या लेखी शुद्ध फसवणूक. शेवंती पोहे घेऊन समोर उभी, स्थळ हातचं घालवू नये असं, धोंडीबाचा मुलगा दौलत अंग चोरून बसलेला, आणि हा बाबा मान वर करून तुळई बघतोय.

"मेस्त्री, हे तुकडे?"

"तुकडे नाहीत, जोड आहेत. माणसं चढवा वर!"

"अहो, आज नको ना," रंगूबाई कुजबुजली. पण ऐकतो कोण! तिला, दौलतला, त्याच्या आईला, शेजारच्या शकूला आणि शकूच्या चार नणंदांना शिडीने माळ्यावर चढवलं. तुळई करकरली. मोडली मात्र नाही. मधोमध दोन बोटं वाकली, एवढंच.

"बघा!" सहदेवाने छाती फुगवली.

"मोडली नाही, मान्य. पण लोंबली की! असल्या घरची सोयरीक नको आम्हाला." धोंडीबा तरातरा उठला आणि दार ओढलं. दार हलेना. वाकलेली तुळई चौकटीवर दाबून बसली होती.

सहदेव शिडीकडे धावला. माळा रिकामा झाला की दार उघडणार, आणि दार उघडलं की पोरीचं स्थळ चाललं. तो वर तोंड करून ओरडला, "खबरदार कोणी खाली उतराल तर!"

"दार उघडा, मेस्त्री!"

"आधी मुलगी पसंत म्हणा!"

दोघांची अशी जुंपली की शेवंतीला लाज वाटली. तिने पदर खोचला, तुळईखाली एक खांब उभा केला आणि त्याच्या बुडाशी दोन्हीकडून पाचरी ठोकल्या. तुळई वर गेली, दार सुटलं.

"जा मामा, वाट मोकळी आहे."

धोंडीबा गेला नाही. वाकून पाचरी बघत राहिला. "कोणी तासल्या?"

"मीच. सरसही मीच उकळते. तुळईची जाडी चार बोटं वाढवा, असं बाबांना सांगितलेलं मी. ऐकलं नाही त्यांनी."

धोंडीबाने शिडीवर चढून जोडात नख घालून पाहिलं. नख शिरेना. खाली उतरून म्हणाला, "मुलगी पसंत आहे. आमच्या कामाला असाच हात पाहिजे."

"अहो, आम्ही उतरू का आता?" वरून रंगूबाई ओरडली.

सहदेव 'जिंकलो' म्हणायला उठला आणि हमसून रडायलाच लागला. लेक चालली होती, आणि त्याला अजून सरस धड उकळता येत नव्हता.